डिस्कवरचं तेल

काल ब्रेक लागला नाही म्हणून मुलगी स्कूटरवरून पडली आणि तिचा हात मोडला. परवाच जावयाने स्वतः ब्रेकचे पॅड बदलले होते, आणि त्याच रात्री वरच्या मजल्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण ऐकू आलं. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण बोलायचं धाडस होईना. मेकॅनिकने दारातच चाकाजवळ बसून डिस्कवरून बोट फिरवलं आणि हुंगलं. "काका, यावर कुणीतरी तेल सोडलंय. डिस्क पुसून निघेल, पण तेल प्यालेले पॅड गेले." मी जावयाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. तेवढ्यात ही शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन आली. "अहो, ब्रेकच्या कुईकुईनं वाचन होत नाही म्हणालात ना? मीच दोन थेंब सोडले!" जावयाने मान वर केली. "बाबा, तुम्हाला कोण वाटलं होतं?" मी मेकॅनिकच्या हातातलं फडकं घेतलं.