बहिरा फोन

दुपारी तीनच्या सुमारास लोरेनने फोन उचलला, की आत एक बाई कुजबुजायची, "ऐकतंय का कुणी?" लोरेनच्या अंगावर सर्रकन काटा यायचा. आठवडाभर सोसून तिने शेवटी तक्रार केली.

फोन कंपनीचा माणूस आला आणि शेजारच्या व्हर्नच्या छपरावरची अँटेना बघून हसला. "भूतबीत काही नाही हो बाई. त्याच्याकडे दूरच्या लोकांशी बोलायचा रेडिओ आहे, त्यावरचं बोलणं तुमच्या फोनमध्ये घुसतंय."

"मग बंद करा ना त्याचा रेडिओ!"

"तो नियमात बसतो. नको ते ऐकतोय तुमचा फोन, तेव्हा औषध त्यालाच." त्याने वायरला आगपेटीएवढा फिल्टर जोडला. "घ्या, झाला बहिरा."

आवाज थांबला. लोरेनच्या जिवात जीव आला. संध्याकाळी व्हर्न कामावरून परतला, तशी ती कुंपणापाशी गेली. "तक्रार केली म्हणून रागावू नकोस हं. आता दुपारचा तो बाईचा आवाज येत नाही."

व्हर्न थबकला. "दुपारी? रेडिओच्या खोलीला तर मी कुलूप लावून जातो."

त्याच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या खिडकीत, त्याची बायको आर्डिथ ओठांवर बोट ठेवून जिवाच्या आकांताने नकारार्थी मान हलवत होती.