खुडूक कोंबडी

हदगावजवळच्या खेड्यात साखराबाईची तांबडी कोंबडी महिनाभर अंड्यांवर खुडूक बसली होती, पण एकही पिल्लू निघालं नाही. दिवस कलताना सून उज्वलानं अंडी फोडून पाहिली, तर सगळी नासकी.

शेजारीण म्हणाली, "वांझोटी दिसती माय ही. कापून खावा."

साखराबाई तिच्यावर उखडलीच. "तिला कशाला नावं ठेवतीस? कोंबडा तर जत्रंलाच कापला आपण. कापसाच्या पऱ्हाटीवरच्या मावा किडीला म्हणं नर लागतच न्हाई, मादी एकलीच पिल्लं देती. शेतीचा सायब सांगून राहिला व्हता. पर ही कोंबडी हाय, किडा न्हाई. कोंबड्याबिगर तिनं काय करावं? तिचा काय गुन्हा?"

तिनं कोंबडीपुढं मूठभर ज्वारी टाकली अन् तिच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला.

उज्वलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लग्न होऊन पाच वर्षं झाली होती, या घरात असं कुणी तिच्या बाजूनं कधी बोललं नव्हतं.

"बघत काय उभी राहिलीस?" सासू तिच्यावर खेकसली. "उद्या सकाळी डोक्यावरून न्हाऊन तयार ऱ्हा. देवरश्याकडं जायचंय. तुझ्या कुशीत काय खोट हाय ते एकदाचं कळू दे."



मग साखराबाईनं उज्वलाच्या नवऱ्याला, हरिओमला, हाक मारली, त्याच्या खांद्यावर वाकळ टाकली अन् लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून रोज धाडायची तसं त्याला एकट्याला शेतातल्या आखाड्यावर, तिथल्या खोपीत, झोपायला धाडलं.