नळीतला निळा रंग

काकांची नजर पाणी तपासायला आलेल्या मॅडमच्या हातातल्या नळीवरून हलेना. तळ्याचं पाणी जिथून बाहेर पडतं, तिथे बाटली भरून मॅडमनी थोडं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि त्यात औषधाचे थेंब टाकले.

“दहा मिनिटं थांबायचं. निळं झालं तर पाणी अजून खराब.”

“ठाऊक आहे,” काका म्हणाले. मागच्या महिन्यात जेमतेम निळसर छटा आली होती, तीही त्यांना ठाऊक होती.

आज खोलीचा फैसला होता. तळ्याकाठची ही खोली कामाबरोबर मिळालेली. काकूंचे गुडघे गेलेले, दुसरीकडे कुणी ओळखीचं नाही. या वयात बिऱ्हाड पाठीवर घेऊन जायचं कुठे?

तळ्यात सांडपाणी यायचं. त्यातला सगळा कस जलपर्णीची मुळं ओढून घ्यायची, आणि वाढलेली झाडं काका उपसून गाडीत भरायचे. तीन वर्षं हेच चाललं होतं.

काकूंनी नवीकोरी गोणी दुमडून मॅडमना पायरीवर बसायला दिली.

“काय तरारलीय हो जलपर्णी!” मॅडम म्हणाल्या. “मागच्या वेळी पिवळी पडली होती.”

“जन्मभर माळीकाम केलंय ह्यांनी,” काकू घाईघाईनं म्हणाल्या. “हात लावतील ते झाड जगतं.”

काकांनी देव पाण्यात घातले होते. पाणी कसलं का असेना, देवांनी चालवून घ्यावं. पाच मिनिटं झाली. आठ झाली.

मॅडमनी नळी उजेडात धरली. रंग नाहीच.

“जिंकलात काका! पाणी नितळ!”

काका मटकन खाली बसले.

“अहो, आनंदानं असं होतं कधीकधी,” मॅडम हसल्या. “आता काम फत्ते. जलपर्णी सगळी काढून टाकू. खोलीची किल्ली महिनाअखेर दिलीत तरी चालेल.”

मॅडमची गाडी दिसेनाशी झाल्यावर काकूंनी गोणी झटकली. चार पांढरे दाणे पायरीवर पडले. त्यांना रडू फुटलं.

“अहो, आठ दिवसांत अख्खी गोणी खत घातलंत ना? मग पाणी खराब कसं झालं नाही? घातलंत तरी कुठे?”

काका उखडले. “कुठे म्हणजे? खत कुठे घालतात ते आता तू मला शिकवणार? एकेका झाडाच्या मुळाशी!”