उघड्या गॅरेजचा हीटर

ओरेस्ट मेल्निचुक गुरुवारी हीटर न घेताच दुकानातून परत आला. आपण दुकानात गेलोच नव्हतो, असं त्याने गल्लीत सगळ्यांना सांगितलं. तेव्हा तो गेला नव्हता, असं आपणही धरून चालू.

तर न गेलेल्या ओरेस्टने काउंटरवर गॅरेजची मापं ठेवली. हीटरचं सगळं ट्रुडी बघायची. लहानपणी ती तो चालवायचा त्याच बसने शाळेत जायची, त्यामुळे त्याची चेष्टा करायचा तिला हक्क होता. लांबी किती, रुंदी किती, छत किती उंच, तिने एकेक विचारलं. ओरेस्टने इंचापर्यंत उत्तरं दिली. बाहेर उणे अडतीस अंश, आत अधिक पंधरा हवेत. ही अट त्याची नव्हती, लाइलच्या गुडघ्यांची होती. समोरच्या घरातला लाइल एकोणीस हिवाळे दर रविवारी त्याच्या गॅरेजमध्ये येऊन बसला होता. गेल्या रविवारी मात्र म्हणाला, पुढच्या वेळी ऊब नसेल तर मी आपला घरीच बरा.

ट्रुडीने हिशेब मांडला. दहा किलोवॅट पुरे होते. हीटर काढायला वळता वळता तिने सहज विचारलं, दाराखाली रबरी पट्टी आहे ना, तिथूनच वारा शिरतो.

पट्टीचा प्रश्नच येत नाही, ओरेस्ट म्हणाला, मी आत असलो की दार वर उचललेलं असतं. पूर्ण वर.

ट्रुडी हसली नाही. तिच्या बापाचंही दार वरच असायचं. दार वर म्हणजे या. खाली म्हणजे घरी कोणी नाही, नाहीतर आत भांडण चाललंय. तिने बेल बसवायला सुचवलं. बेल वाजवणारा माणूस काहीतरी विकायलाच येतो, असं ओरेस्टचं मत पडलं.

"मग लाइल आला की घ्या ना दार खाली."

"आणि बाकीच्यांनी यायचं कसं?"

"बाकीचे कोण?"

"ते अजून आले नाहीयेत, पोरी."

ट्रुडीने हिशेबाचा कागद पुढे ओढला. मग तिने पेन्सिल उचलली. दार उघडं असेल तर खोली दारापाशी संपत नाही, ती म्हणाली; मग पुढची भिंत कुठे आहे? ओरेस्टला हा प्रश्न फारच आवडला. एकोणीस वर्षांत त्याला तो सुचला नव्हता. दोघं भिंतीवरच्या नकाशापुढे जाऊन उभे राहिले. पूर्वेला लाइलचं गॅरेज. त्याचंही दार वर, म्हणून तेही खोलीतच धरलं. दक्षिणेला धान्याची कोठारं; वारा तिथे अडतो. उत्तरेला ओरेस्टचं बोट सरकत राहिलं. गहू, मग झाडं, मग नुसता बर्फ. नकाशा संपला, भिंत आली नाही.

"एवढा हीटर मागवून देईन," ट्रुडी म्हणाली, "पण ठेवाल कुठे?"

शुक्रवारी ओरेस्टने नगरपालिकेला अर्ज टाकला. लाइलच्या गुडघ्यांचे दोन फोटो सोबत जोडले.

"सविनय विनंती की, आमच्या गल्लीच्या उत्तर टोकास एक दार बसवून मिळावे. सदर दार दर रविवारी दुपारी दोन ते पाच बंद ठेवण्यात यावे. मात्र येणाऱ्यांची गैरसोय होऊ नये म्हणून त्यास कडी लावू नये."