तहाचा खलिता

"काय डोकं आहे गं याला! पळून गेल्याचं सोंग केलं आणि माझी सगळी रसद लुटली!" शिरीष कॉम्प्युटरसमोर आनंदाने ओरडला. निवृत्त झाल्यापासून गेममधला हा किल्लेदार त्याला रोज दुपारी हरवायचा आणि शिरीष वर त्याचंच कौतुक करायचा.

शेजारी वाल सोलत बसलेल्या हेमांगीचा नुसता तिळपापड व्हायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोच्या डोक्याबद्दल या माणसाने कधी चकार शब्द काढला नव्हता.

एका दुपारी शिरीष केस कापायला गेला, तशी ती तणतणत त्याच्या खुर्चीत बसली. शिरीष नेहमी वाजतगाजत महादरवाजावर तोफा डागायचा. तिने तसलं काही केलं नाही. गडावर धान्य नेणारी एकुलती एक वाट अडवली आणि "मर मेल्या उपाशी," म्हणत पुन्हा वाल सोलायला घेतले.

शिरीष परतला तेव्हा पडद्यावर किल्लेदाराचा खलिता झळकत होता. 'आपल्यासारखा हुशार शत्रू आजवर पाहिला नाही. गड घ्या, पण तह करा.'

शिरीषने तो पुन्हा पुन्हा वाचला. त्याचा चेहराच पडला. "मला नाही कधी असं म्हणाला," तो पुटपुटला. मग जरा घुश्शातच म्हणाला, "कर ना तह! वाट कसली बघतेस?"

हेमांगीने वालांचं ताट त्याच्या हातात दिलं.

"उरलेले तू सोल. त्याला अजून थोडं कौतुक करू दे माझं."