दाराजवळचा कोपरा
शाळेची नवी खोली पोरांनीच आखायची, म्हणजे परिमिती आणि क्षेत्रफळ डोक्यात बसेल, असं शेषराव गुरुजींनी ठरवलं. वारलेल्या बायकोच्या बाजेची सुतळी सोडून त्यांनी वर्गाला दिली. पाटलाच्या पोरानं, निवृत्तीनं, मैदानात खुंट्या ठोकून सुतळीनं खोली आखली आणि दाराजवळचा कोपरा वेगळा काढला. “हे काय बे?” “कौतिकाची जागा, गुरुजी. महारवाड्यातल्या पोरीले चार चौरस फूट लय झाले.” गुरुजींनी दटावलं, “तुले कोनं शिकवलं?” “तुमीच तर तिले रोज दाराजवळ बसवता!” वर्ग हसला. कौतिका मान खाली घालून उभी होती. पोराचं गणित बरोबर होतं. गुरुजींना शिसारी आली ती स्वतःचीच. त्यांनी कोपऱ्याची सुतळी उपटली, खोलीच्या सुतळीला जोडली आणि खुंट्या लांब रोवल्या. “कौतिका, आत ये,” ते म्हणाले. “क्षेत्रफळ किती वाढलं ते तू सांग.”