डावीकडचे फोटो

“पेशंटबरोबर कोण आहे?” नर्सने दार अर्धवट उघडून विचारलं आणि बाकावरच्या दोघीही एकदम उठल्या.

“एकच जण या.”

ताईने पिशवी आधीच खांद्याला लावली होती. धाकट्या भावाच्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी असली की आत जायचं ते ताईने, हा त्याचं दुखणं सुरू झाल्यापासूनचा शिरस्ता. पण मागच्या तपासणीनंतर भाऊ नुसता भाऊ राहिला नव्हता, कुणाचा तरी नवरा झाला होता. वाद झालाच तर काय बोलायचं, ते ताईने येतानाच घोकून ठेवलं होतं.

“ताई, तुम्हीच जा,” भावजय म्हणाली आणि खाली बसली. “तुम्हाला त्यातलं कळतं.”

घोकलेलं सगळं फुकट गेलं. एवढं सहज सोडते म्हणजे काय! ज्याच्या हातात सगळं आहे त्यालाच असं सोडता येतं. ताई आणखीच चिडली.

कालचा राग तर अजून उतरलाच नव्हता. आदल्या दिवशी पोट साफ करायला ते खारट औषध प्यावं लागतं. ताईच्या राज्यात तिचा हा भाऊ, बाळ्या, ते नाक दाबून, शिव्या घालत, तिचा हात घट्ट धरून प्यायचा. काल तिने फोन केला तर भावजय म्हणाली, “झालं की पिऊन. हसत हसत प्यायला.”

हसत हसत! जेवतानासुद्धा तो शब्द ताईच्या घशात अडकला होता.

आत पडद्यामागे तपासणी आटोपलेला बाळ्या गुंगीत कुशीवर पडला होता. ताईने त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. गाल भरले होते त्याचे. ताईला बरं वाटलं, अगदी मनापासून. पण आपल्या हातचं खाऊन हे गाल कधी वर आले नव्हते, हेही लगोलग मनात आलंच. मग तिने मनातल्या मनात मागून घेतलं: एखादी बारीकशी जखम निघू दे. फार मोठी नको, बाळ्याला त्रास होईल अशी तर नकोच. भावजयीचा तोरा उतरेल, एवढीच.

तोराच म्हणायचा नाही तर काय. रोज जेवण झालं की ती बाळ्याच्या तळहातावर गोळी ठेवायची आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायची. “नवरा आहे की शाळेतलं पोर?” ताईने एकदा सगळ्यांसमोर सुनावलं होतं. ताईची रीत वेगळी होती. बाळ्याला जरा बरं वाटायला लागलं, की ती गोळ्या थांबवायची. पोटात उगाच उष्ण औषधं कशाला?

डॉक्टर रंगीत फोटोंचा कागद घेऊन आले. एकाच कागदावर फोटोंच्या दोन उभ्या रांगा होत्या. ताईची नजर थेट डावीकडे गेली. लालभडक, सुजलेलं आतडं आणि त्यावर पिवळट चट्टे. असे फोटो तिने कितीतरी पाहिले होते.

“अरे देवा! मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. आवाजात काळजी होती. काळजीबरोबर जे दुसरं काही होतं, तेही तिचं तिला ऐकू आलं. “घरात नीट बघणारं कुणी नसलं की असंच होतं, डॉक्टर.”

“ते मागच्या वर्षीचे,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही घेऊन आला होतात ना, तेव्हाचे. आजचे हे, उजवीकडचे.”

उजवीकडे लहान बाळाच्या ओठाच्या आतल्या बाजूसारखं गुलाबी, ओलसर आतडं होतं. लाल ठिपका शोधूनही सापडेना. ताईने तो शोधला.

“यंदा गोळ्या चुकल्या नाहीत, त्याचा हा गुण. मागे मधेच बंद व्हायच्या. वरून बरं वाटत असतं, पण आत जखमा तशाच असतात, म्हणून तर आत जाऊन बघावं लागतं. तपासायला आतड्याचे दोन बारीक तुकडे घेतलेत, पण घाबरायचं कारण नाही. गोळ्या मात्र बंद करू नका. आणि घरी जे कुणी देतंय ना, त्यांना शाबासकी सांगा माझी.”

ताई मान हलवत राहिली. डॉक्टर गेले तरी हलवत होती.

बाळ्याने डोळे किलकिले केले. “कोण आहे?”

“मी आहे रे, ताई.”

“बरं,” तो म्हणाला. मग त्याने पडद्याकडे मान वळवली. “ती कुठंय?”

बाहेर भावजय दाराशीच उभी होती. ओढणीचं टोक तिने बोटाला इतकं करकचून गुंडाळलं होतं, की बोट पांढरं पडलं होतं.

“ताई, काय निघालं?”

‘ठीक आहे’ एवढंच सांगून कागद पिशवीत टाकता आला असता. पिशवीची चेन उघडीच होती. ताईने ती ओढून बंद केली आणि कागद भावजयीच्या हातात दिला.

“आत जा, तुला विचारतोय तो,” ती म्हणाली. “आणि हे बघ. डावीकडचे माझे. उजवीकडचे तुझे.”